नमुन्यांची वर्गवारी

वार्षिकासाठी काही तरी लिहून द्यावे, असे संपादक मंडळाने सांगितले तेव्हा एखाद्या संतकवीविषयी लिहावे, असा आमचा बेत होता. आम्ही पडलो कलाशाखेचे पदवीधर. वर्गात मराठी आणि इतिहास शिकवावयाचा, हाच आमचा व्यवसाय. जंतूंची जनुके आणि संगणकातील फायली यांच्याशी आमचा संबंध येण्याचे वास्तविक काही कारण नव्हते. परंतु मध्यंतरी असा एक प्रसंग घडला की, तो बेत आम्हांस बदलावा लागला.

इतिहासाच्या तासासाठी विद्यार्थ्यांनी 'आपले शहर' या विषयावर काही तक्ते तयार केले होते. त्यांत शिवाजी महाराजांची १६६४ ची स्वारी होती, इंग्रजांची वखार होती, तापीचे पूर होते आणि एका तक्त्यावर ठळक अक्षरांत '१९९४ चा प्लेग' असे लिहिले होते. पालकसभेच्या दिवशी एका विद्यार्थ्याचे वडील त्या तक्त्यासमोर बराच वेळ उभे राहिले. हे गृहस्थ मूळचे खानदेशातले; यंत्रमागाच्या खात्यात नोकरी करतात. ते आम्हांस म्हणाले, "सर, पोरांनी इथं प्लेग लिहिलंय. पण तेव्हा आमच्या वेड रोडला निम्मे लोक म्हणायचे, हा प्लेग नाहीच, न्यूमोनिया आहे. डॉक्टर लोकांतसुद्धा दोन तट होते. खरं काय ते तुम्ही सांगा. त्याच आठवड्यात माझा मोठा भाऊ गेला."

आम्हांस उत्तर देता आले नाही. "पाहून सांगतो, भाऊ," एवढेच आम्ही म्हणालो. सुदैवाने आमची एक जुनी विद्यार्थिनी, जी आता एका प्रयोगशाळेत जैवतंत्रज्ञानाचे काम करते, दिवाळीच्या सुट्टीत घरी आली होती. तिने आपला लॅपटॉप उघडून तीन संध्याकाळी आमची शिकवणी घेतली. पहिल्याच संध्याकाळी ती म्हणाली, "सर, तुमचा प्रश्न जंतूचा वाटतो, पण खरं तर तो वर्गवारीचा आहे. कोणता नमुना कोणाजवळ बसवायचा, एवढंच त्यात आहे." या लेखात जे काही बरोबर असेल ते तिचे समजावे.

प्रथम १९९४ ची हकीकत थोडक्यात सांगितली पाहिजे. ऑगस्ट महिन्यात बीड जिल्ह्यातील मामला या गावी उंदीर मरून पडू लागले, पिसवांचा उपद्रव झाला आणि माणसांच्या काखेत-जांघेत गाठी दिसू लागल्या. हा गाठीचा प्लेग. पुढे सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात, तापीचा पूर ओसरल्यावर, सुरतेत तापाने व खोकल्याने माणसे झपाट्याने दगावू लागली. येथे गाठी नव्हत्या, रोग फुफ्फुसांत होता. वेड रोड व कतारगाम या बाजूस त्याचा जोर अधिक होता. चार-दोन दिवसांत लाखो लोक शहर सोडून गेले. तापी खोऱ्याच्या गाडीने नंदुरबार, धुळे, जळगाव या बाजूस आपापल्या गावी परतलेली कुटुंबे तर या मासिकाच्या वाचकांत पुष्कळ असतील. घरच्या वडीलधाऱ्यांस विचारावे, म्हणजे त्या गर्दीचे वर्णन आमच्यापेक्षा चांगले ऐकावयास मिळेल. टेट्रासायक्लीनच्या गोळ्या दुकानांतून दिसेनाशा झाल्या. परदेशांनी विमाने बंद केली, माल घेण्याचे थांबवले. देशभर मिळून पन्नासांहून अधिक माणसे या साथीत मृत्यू पावली.

प्लेग हा शब्द उच्चारताच जग एवढे दचकावे, याचे कारण जुने आहे. सावित्रीबाई फुले १० मार्च १८९७ रोजी प्लेगच्या रुग्णांची सेवा करीत असतानाच त्या रोगाने गेल्या, हे आपण पाठ्यपुस्तकात वाचतो. त्याच्या तीन वर्षे आधी, १८९४ साली, हाँगकाँग येथे अलेक्झांद्र येर्सिन या शास्त्रज्ञाने या रोगाचा जंतू शोधला. त्याच्याच नावावरून या जंतूस 'यर्सिनिया पेस्टिस' म्हणतात. म्हणजे सुरतेवर हे संकट आले, ते जंतू सापडल्यानंतर बरोबर शंभर वर्षांनी. मग शंभर वर्षे ओळखीचा असलेला जंतू ओळखण्यात वाद का व्हावा? कारण असे की, तापाने व खोकल्याने माणूस आजारी पडण्याची कारणे अनेक आहेत. रुग्णाने आधीच औषध घेतलेले असले तर प्रयोगशाळेत त्याच्या थुंकीतून जंतू वाढवणे कठीण जाते. त्या वेळी कोणी मेलिऑयडोसिस या रोगाचे नाव घेतले, कोणी हंटा विषाणूचे. अशा वादात मत कामाचे नसते. नमुना लागतो आणि त्या नमुन्याशेजारी ठेवावयास दुसरे नमुने लागतात.

आता नमुना म्हणजे काय ते पाहू. रुग्णाची थुंकी, रक्त, गाठीतील स्राव, किंवा त्यांतून प्रयोगशाळेत वाढवलेला जंतू, हा नमुना. प्रत्येक जंतूच्या पेशीत डीएनएचा धागा असतो व त्यावर ए, टी, जी आणि सी या चार अक्षरांत त्याचा सर्व संसार लिहिलेला असतो. प्लेगच्या जंतूची ही पोथी सुमारे ४६ लाख अक्षरांची आहे. ती अक्षरे क्रमाने वाचून काढणे यास सिक्वेन्सिंग म्हणतात. आम्ही येथे त्यास क्रमवाचन म्हणू. आजची यंत्रे ही पोथी पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत सरळ वाचीत नाहीत. पोथीच्या अनेक प्रती करून, त्या फाडून, दीडदीडशे अक्षरांचे कपटे ती एकाच वेळी वाचतात. प्रत्येक जागा सरासरी शंभर वेळा वाचली जावी, अशी इच्छा असेल तर एका जंतूसाठी सुमारे तीस लाख कपटे होतात. हे कपटे ज्या फाइलीत उतरतात, तीत प्रत्येक कपट्यासाठी चार ओळी असतात. पहिल्या ओळीत कपट्याची ओळख, दुसरीत अक्षरे, तिसरीत नुसते अधिकचे चिन्ह आणि चौथीत प्रत्येक अक्षर किती खात्रीने वाचले याची खूण. या खुणेची किंमत ३० असेल तर हजारांत एखादे अक्षर चुकण्याचा संभव आहे, असे समजतात. विद्यार्थ्यांच्या उत्तरपत्रिका तपासताना आपल्याजवळ अशी काही सोय असती तर किती बरे झाले असते, असा विचार त्या वेळी आमच्या मनात आला. पण ते असो.

फाइलींची गर्दी कशी होते ते उदाहरणाने पाहू. समजा, आपल्याजवळ १२ नमुने आहेत. चार सुरतेच्या रुग्णांचे, चार बीडचे; एक नमुना पूर्वीपासून नक्की माहीत असलेल्या प्लेगच्या जंतूचा; एक त्याच्या चुलतभावाचा, म्हणजे 'यर्सिनिया स्यूडोट्युबरक्युलोसिस' या जंतूचा, ज्याच्यापासून प्लेगचा जंतू फार पूर्वी निपजला; आणि दोन नमुने नुसत्या शुद्ध पाण्याचे. पाण्याचे कशासाठी, असे कोणी विचारील. पाण्याच्या नमुन्यातही जर प्लेगची अक्षरे सापडली, तर दोष रुग्णात नसून आपल्या भांड्यांत आहे, असे समजते. यंत्र प्रत्येक तुकडा दोन्ही टोकांकडून वाचते, म्हणून प्रत्येक नमुन्याच्या दोन फायली. नमुने यंत्राच्या दोन मार्गिकांत घातले असतील तर प्रत्येकाच्या चार. एकंदर ४८ फायली झाल्या. मोठ्या प्रयोगांत नमुनेच शेकड्यांनी असतात, मग फाइलींचा हिशेब वाचकांनी करावा.

या ४८ फायली एका फोल्डरमध्ये पडल्या की, त्या कोणाच्या कोण हे सांगणारे त्यांजवळ फक्त नाव असते. म्हणून वर्गवारीचे पहिले काम संगणकावर होत नाही. ते कागदावर, किंवा एका साध्या तक्त्यात होते. प्रत्येक नमुन्यास एक ओळ. त्या ओळीत नमुन्याचा क्रमांक, तो कोठून घेतला, कोणत्या तारखेस घेतला, कशातून घेतला, कोणत्या दिवशी कोणत्या यंत्रात घातला आणि तो कोणत्या गटातला, असे रकाने. ज्या गोष्टीची माहिती नसेल त्या रकान्यात 'अज्ञात' असे स्पष्ट लिहावयाचे. शून्य लिहावयाचे नाही, कारण शून्य हेही एक उत्तर आहे. रकाना रिकामा सोडावयाचा नाही, कारण रिकाम्या जागेचा अर्थ प्रत्येक जण आपल्या मनाप्रमाणे लावतो. आणि अंदाजाने तर काही लिहावयाचेच नाही. हा तक्ता सॉफ्टवेअरला दिला की, पुढची कामे ते करते. आमच्या विद्यार्थिनीने 'गॅलेक्सी' नावाचे सॉफ्टवेअर दाखवले. हे २००५ पासून जगापुढे असून ते कोणालाही विनामूल्य वापरता येते. त्यात एकाच नमुन्याच्या दोन टोकांच्या फायली जोडीने बांधता येतात, अशा जोड्यांची एक यादी करता येते आणि प्रत्येक जोडीस तिच्या गटाची चिठ्ठी डकवता येते. एकदा यादी झाली की, प्रत्येक फाइलीस वेगवेगळी आज्ञा द्यावी लागत नाही. यादीस एकदा आज्ञा केली म्हणजे बाराही नमुन्यांवर ते काम होते आणि नमुन्याचे नाव शेवटपर्यंत त्याच्या मागोमाग जाते.

हे नावाचे मागोमाग जाणे किती महत्त्वाचे, ते आम्हांस निराळ्या कारणाने ठाऊक आहे. काही वर्षांपूर्वी वर्गाच्या गुणांचा तक्ता आम्ही संगणकावर केला व नावे अकारविल्हे लावावीत म्हणून केवळ नावांच्या रकान्याला तशी आज्ञा दिली. नावे शहाण्यासारखी ओळीत बसली, गुण मात्र होते तेथेच राहिले. गणितात नेहमी धडपडणारा एक मुलगा एकदम वर्गात दुसरा आला. त्याला फार आनंद झाला, आणि तो आनंद आम्हांस दुसऱ्या दिवशी परत घ्यावा लागला, याचे वाईट आजही वाटते. तो तक्ता दिसावयास अगदी निर्दोष होता. संगणकाने एकही बेरीज चुकवली नव्हती.

नमुन्यांच्या बाबतीतही चुका होतात त्या अशाच क्षुल्लक दिसणाऱ्या. आमच्या विद्यार्थिनीने सरावासाठी जो तक्ता आम्हांस भरावयास दिला, त्यात आम्ही दोन ठिकाणी 'सुरत' लिहिले आणि दोन ठिकाणी 'सूरत'. मराठीच्या शिक्षकाने असे करू नये, हे मान्य. परंतु गुजरातीत पाहण्याची आणि मराठीत लिहिण्याची सवय झाली की हात घसरतो. संगणकाने तत्काळ दोन शहरे केली व प्रत्येकी दोन नमुन्यांचे दोन गट पाडले. शब्दापुढे चुकून एक मोकळी जागा राहिली, तरी त्याचा तो निराळा गट करतो. आमच्या घरी कोंकणीत बांगडो म्हणतात, येथील मराठी घरांत बांगडा म्हणतात. ताटात मासा एकच, परंतु संगणकाच्या यादीत दोन. क्रमांकांचेही तसेच. नमुन्यांना १ ते १२ असे अंक दिले की, पुष्कळदा संगणक त्यांची रांग १, १०, ११, १२, २, ३ अशी लावतो. कारण तो त्यांस संख्या न समजता अक्षरे समजतो. म्हणून ०१, ०२ असे लिहावयाचे. ही युक्ती विद्यार्थ्यांनी आपल्या प्रकल्पांच्या फायलींसाठीही वापरावी.

थोर थोर मंडळीही यातून सुटलेली नाहीत. माणसाच्या जनुकांपैकी काहींची इंग्रजी संक्षिप्त नावे 'सेप्ट-२', 'मार्च-१' अशा धर्तीची होती. हिशेबाच्या प्रसिद्ध सॉफ्टवेअरमध्ये, म्हणजे एक्सेलमध्ये, ही नावे टंकली की, ते त्यांस तारखा समजून २ सप्टेंबर, १ मार्च असे करून टाकी. २०१६ साली मेलबर्नच्या संशोधकांनी शोधनिबंधांना जोडलेल्या अशा जनुकांच्या याद्या तपासल्या, तेव्हा ज्या निबंधांबरोबर एक्सेलच्या याद्या होत्या त्यांपैकी सुमारे एक पंचमांशांत ही चूक निघाली. शेवटी २०२० साली जनुकांना नावे देणाऱ्या समितीने हार मानली आणि त्या जनुकांचीच नावे बदलली! सॉफ्टवेअर सुधारण्यापेक्षा जनुकाचे बारसे पुन्हा करणे सोपे ठरले.

आता वर्गवारीच्या गाभ्याकडे येऊ. येथे दोन निरनिराळ्या वर्गवाऱ्या आहेत, आणि त्यांची गल्लत करता कामा नये. एक वर्गवारी आपण तक्त्यात लिहितो: हा सुरतेचा, हा बीडचा, हे पाणी. दुसरी वर्गवारी अक्षरांतून आपोआप निघते. सॉफ्टवेअर प्रत्येक दोन नमुन्यांची अक्षरे शेजारी ठेवून किती ठिकाणी फरक आहे ते मोजते, आणि थोडा फरक असलेल्यांना जवळच्या फांदीवर व पुष्कळ फरक असलेल्यांना दूरच्या फांदीवर बसवून एक वंशवृक्ष काढते. हे काम करताना त्याला आपला तक्ता दाखवावयाचा नसतो. वृक्ष पुरा झाल्यावर मग आपल्या गटांचे रंग त्यावर चढवावयाचे. सुरतेच्या रंगाचे नमुने जर ओळखीच्या प्लेगच्या फांदीवर दिसले, चुलतभावाची फांदी निराळी राहिली आणि पाण्यात काहीच सापडले नाही, तर या दोन स्वतंत्र वर्गवाऱ्यांचा मेळ बसला. या मेळालाच पुरावा म्हणतात. उलट, वृक्ष पाहिल्यानंतर एखादा अडचणीचा नमुना 'हा बहुधा दुसऱ्या गटातला असावा' म्हणून तक्त्यात हलवला, तर मेळ बसतोच बसतो. पण त्याची किंमत, निकाल लागल्यावर दुरुस्त केलेल्या गुणपत्रिकेएवढी.

कधी कधी दोष कोणाच्या मनात नसतानाही गट फसवतात. २०१४ साली अमेरिकेतील एका मोठ्या प्रकल्पाने माणसाच्या व उंदराच्या निरनिराळ्या अवयवांतील जनुकांचे कार्य तपासून असे प्रसिद्ध केले की, माणसाचे यकृत उंदराच्या यकृतापेक्षा माणसाच्याच इतर अवयवांशी अधिक जुळते. हे सर्वांना नवलाचे वाटले. शिकागो विद्यापीठातील योआव गिलाड व ऑर्ना मिझराही-मान यांनी २०१५ साली त्याच फायली उघडल्या आणि प्रत्येक कपट्याची जी पहिली ओळख-ओळ असते, जिच्याकडे सहसा कोणी पाहत नाही, ती वाचली. तीत यंत्राचे व मार्गिकेचे नाव असते. त्यावरून दिसून आले की, बहुतेक खेपांत माणसाचे नमुने एका खेपेस व उंदराचे दुसऱ्या खेपेस वाचले गेले होते. मग जो फरक दिसला तो माणूस-उंदरांचा, की सोमवारच्या आणि गुरुवारच्या यंत्राचा? खेपांचा हिशेब वजा करून पाहता नमुने पुन्हा अवयवांप्रमाणे एकत्र येऊ लागले. यावर वाद बराच झाला. आम्हांस मात्र त्यातून एवढे समजले की, तक्त्यात 'कोणत्या दिवशी कोणत्या यंत्रात' हा रकाना का ठेवावयाचा. आणि सुरतेचे सगळे नमुने एका दिवशी व बीडचे दुसऱ्या दिवशी यंत्रात न घालता ते मिसळून का घालावयाचे.

आता सुरतेकडे परत येऊ. १९९४ साली आजच्यासारखी यंत्रे नव्हती. लाखो कपटे वाचण्याची सोय नव्हती. परंतु वर्गवारीचे तत्त्व तेच होते. केंद्र सरकारने डॉ. रामलिंगस्वामी यांच्या अध्यक्षतेखाली तज्ज्ञांची समिती नेमली. सुरत आणि बीड या दोन्ही ठिकाणांहून मिळालेले जंतू एकमेकांशेजारी ठेवून केलेल्या तपासणीचे निबंध १९९६ साली बंगळूरच्या 'करंट सायन्स' या नियतकालिकात आले. पुढे हैदराबादच्या सेल्युलर अँड मॉलिक्युलर बायॉलॉजी केंद्रातील एस. शिवाजी व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० साली आपली तपासणी प्रसिद्ध केली. त्यांनी दोन रीती वापरल्या. एक, सर्व जंतूंमध्ये असणारे सुमारे दीड हजार अक्षरांचे एक जनुक क्रमाने वाचणे. हे जनुक जंतूचे कूळ सांगते; परंतु प्लेगचा जंतू व त्याचा चुलतभाऊ यांचे हे जनुक जवळजवळ सारखेच आहे, त्यामुळे एवढ्याने भागण्यासारखे नव्हते. म्हणून दुसरी रीत, सर्व डीएनएचा पट्ट्यापट्ट्यांचा ठसा घेणे. बोटांच्या ठशांसारखाच हा प्रकार. ठसा ओळखीच्या जंतूंच्या ठशांशी ताडून पाहता निष्कर्ष निघाला, तो असा की, १९९४ च्या साथीतील रुग्णांकडून मिळालेले ते जंतू यर्सिनिया पेस्टिसच होते. विद्यार्थ्यांच्या तक्त्यावरील शब्द बरोबर आहे.

नुसते नाव जुळले म्हणून निष्कर्ष काढण्यात काय धोका असतो, याचे उदाहरण याच जंतूच्या बाबतीत अलीकडे घडले आहे. २०१५ साली न्यूयॉर्कमधील संशोधकांनी तेथील भुयारी रेल्वेच्या स्थानकांतील कठडे व आसने पुसून नमुने घेतले, त्यांचे क्रमवाचन केले आणि सॉफ्टवेअरच्या वर्गवारीवरून तेथे प्लेगच्या जंतूच्या डीएनएचे अंश असल्याचे प्रसिद्ध केले. शहराच्या आरोग्य खात्याने आक्षेप घेतला. फिरून पाहता असे ठरले की, त्या कपट्यांवरून तेथे प्लेगचा जंतू आहे असे म्हणता येत नाही. आणि संशोधकांनी आपल्या निबंधात तशी दुरुस्ती केली. लहान कपटा अनेक जंतूंच्या पोथ्यांशी जुळतो. सॉफ्टवेअरला तो कोठे तरी बसवावाच लागला, तर ते त्याला ओळखीच्या नावाखाली बसवते. न्यूयॉर्कमधून त्यामुळे कोणी गाड्या भरून पळाले नाही. १९९४ साली सुरतेतून मात्र माणसे पळाली होती.

करोनाच्या साथीत हीच विद्या घराघरांतील बातम्यांत येऊन पोहोचली. डिसेंबर २०२० मध्ये केंद्र सरकारने क्रमवाचन करणाऱ्या प्रयोगशाळांचा 'इन्साकॉग' हा संघ स्थापन केला. आरंभी त्यात १० प्रयोगशाळा होत्या व त्यांत पुण्याच्याही संस्था होत्या. आपल्या गुजरातेत गांधीनगरच्या गुजरात बायोटेक्नॉलॉजी रिसर्च सेंटरने २०२० पासूनच विषाणूचे क्रमवाचन चालवले होते. ज्या प्रकाराला जागतिक आरोग्य संघटनेने ३१ मे २०२१ रोजी 'डेल्टा' हे नाव दिले, तो भारतातील ऑक्टोबर २०२० मधल्या नमुन्यांत आधीच होता, हे मागाहून कळले. कसे कळले? प्रत्येक फाइलीबरोबर नमुना घेतल्याची तारीख लिहिलेली होती म्हणून. केवळ यंत्रात घातल्याची तारीख लिहिली असती, तर हा प्रकार कित्येक महिने तरुण दिसला असता.

तिसऱ्या संध्याकाळी आम्ही आमचा सरावाचा तक्ता पुन्हा भरला. दोन 'सूरत' दुरुस्त केले, क्रमांकांना शून्ये लावली, एका ठिकाणी तारीख ठाऊक नव्हती तेथे 'अज्ञात' लिहिले. गट नीट पडले. त्यानंतरच्या रविवारी आम्ही त्या गृहस्थांच्या घरी गेलो. चहा झाल्यावर वर लिहिलेले सगळे त्यांना सांगितले. ते त्यांनी शांतपणे ऐकून घेतले. मग त्यांनी विचारले, "म्हणजे सर, माझा भाऊ प्लेगनंच गेला?"

त्यांच्या भावाचा कोणताही नमुना घेतला गेला नव्हता. दवाखान्यात नेण्याआधीच ते गेले, आणि दुसऱ्या दिवशी सगळे कुटुंब गाडीत बसले. तेव्हा आम्ही सांगितले की, ज्या रुग्णांचे जंतू तपासले गेले त्यांच्याविषयी शास्त्र खात्रीने बोलते. भावाचे आजारपण त्याच दिवसांतले, त्याच वस्तीतले होते, म्हणून तसा संभव पुष्कळ आहे. परंतु तक्त्यात त्यांची ओळ लिहावयाची झाली तर गाव, वस्ती आणि महिना हे रकाने भरता येतील व रोगाच्या रकान्यात 'अज्ञात' लिहावे लागेल. ते थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "नाव लिहायचा रकाना असतो ना, सर?" नमुन्यांच्या तक्त्यांत रुग्णाचे नाव सहसा लिहीत नाहीत, फक्त क्रमांक लिहितात. हे त्यांना सांगण्याऐवजी आम्ही भावाचे नाव विचारून घेतले. विद्यार्थ्यांच्या तक्त्याखाली आता गावाला गेलेल्या व न परतलेल्या माणसांच्या आठवणी लिहिण्यासाठी एक जागा ठेवली आहे. तेथे पहिली ओळ त्यांच्या मुलाने लिहिली.